समुद्रातील दिव्याचा अभियंता

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशावर समुद्र कोठेही नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा आणि मधल्या पठारावर पावसाची वाट पाहणारी गावे, असा हा मुलूख. अशा जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे दीपगृह बांधणाऱ्या एका अभियंत्याचे कार्य ठेवणे काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु इतिहासाकडे पाहिले असता तसे म्हणता येत नाही.

इ. स. १४९४ मध्ये मलिक अहमद याने भिंगारजवळ अहमदनगर वसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याच्या राज्याचा एक पाय सह्याद्रीखाली कोकणात रोवलेला होता. चौल हे निजामशाहीचे महत्त्वाचे बंदर होते. अरबी घोडे, रेशीम, मसाल्याचे पदार्थ या बंदरातून घाट चढून वर येत. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या ताब्यातील चौलच्या कोटास वेढा दिला होता. समोरच्या कोर्लईच्या डोंगरासाठी पुढे १५९४ मध्ये लढाई झाली व तो डोंगर पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्याच कोर्लईच्या पायथ्याशी आज एक दीपगृह उभे आहे. म्हणजे नगरच्या सुलतानांना ज्या समुद्राची गरज होती, तो समुद्र या जिल्ह्यापासून वाटतो तितका दूर नव्हता. आजही तो दूर नाही. जिल्ह्यातील कांदा न्हावा-शेवा बंदरातून परदेशी रवाना होतो; शेतास लागणाऱ्या खताचा आणि मोटारीस लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग जहाजानेच देशात येतो. ही जहाजे मुंबई बंदराच्या तोंडातून रात्रीअपरात्री ये-जा करतात. त्या तोंडाशी १८७५ पासून एक दिवा उभा आहे. त्याचे नाव प्राँग्ज दीपगृह. आणि त्याच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे ते अभियंते म्हणजे थॉमस ऑर्मिस्टन.

मुंबईचे बंदर व त्याच्या मुखाशी असलेला धोका

मुंबईचे बंदर हे निसर्गाने दिलेले आश्रयस्थान आहे. पश्चिमेस मुंबई बेट व पूर्वेस मुख्य भूमी यांच्यामधील पाणी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित आहे. परंतु घराचा उंबरठा जसा अनोळखी माणसाच्या पायास लागतो, तसाच या बंदराचाही उंबरठा आहे. कुलाब्याच्या दक्षिण टोकापासून खडकांची एक लांब रांग समुद्रात शिरते. यालाच प्राँग्जचा खडप म्हणतात. ओहोटीस तो उघडा पडतो, भरतीस पाण्याखाली नाहीसा होतो. पलीकडे अलिबागच्या बाजूस थळचा खडप आहे. या दोहोंमधून जहाजाने आत यावयाचे असते.

दिसणाऱ्या खडकाचे भय नावाड्यास फारसे नसते. जो सहा तास दिसतो आणि सहा तास लपतो, तो खडक खरा घातकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुलाब्यास एक दीपगृह होते. पण ते जमिनीवर होते आणि धोका त्याच्याही पुढे समुद्रात होता. दिवा पाहून आपण जमिनीपासून पुरेसे दूर आहोत असे समजणारे जहाज प्रत्यक्षात खडपाच्या जवळ असू शकत असे. दिवा असूनही तो योग्य जागी नसेल तर काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच सुमारास मुंबईचा व्यापारही बदलला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व युरोपचा मार्ग आफ्रिकेच्या टोकास वळसा घातल्याविना कापता येऊ लागला. शिडाच्या गलबतांची जागा आगबोटी घेऊ लागल्या. गलबत वाऱ्याच्या मर्जीने येत असे; आगबोट वेळापत्रकाने येते, आणि वेळापत्रक रात्र ओळखत नाही. बंदराबाहेर पहाटेपर्यंत नांगर टाकून थांबणे आता परवडण्यासारखे राहिले नाही. १८६७ मध्ये बंदराच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर दीपगृह प्रज्वलित झाले. हेच ते बेट, जेथे १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी उभारण्याचे काम हाती घेतले व इंग्रजांच्या आरमारास न जुमानता ते तडीस नेले. १९९८ मध्ये त्यास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर खांदेरीचाही जागतिक वारसा यादीत समावेश झाला. खांदेरीचा दिवा बेटावर, म्हणजे कोरड्या जमिनीवर उभा होता. प्राँग्जचा दिवा भरतीच्या पाण्यात उभा करावयाचा होता. या दोन कामांत फार मोठे अंतर आहे.

पाण्यात उभे राहणारे बांधकाम

ते अंतर किती, हे समजण्यासाठी ऑर्मिस्टन यांच्या आधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाकडे वळले पाहिजे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर एडिस्टन नावाचा खडक आहे. हेन्री विन्स्टन्ली यांनी १६९८ मध्ये त्यावर पहिले दीपगृह बांधले. १७०३ च्या वादळात ते नाहीसे झाले आणि त्या रात्री आत असलेले विन्स्टन्ली हेही त्याबरोबर गेले. दुसरे दीपगृह मुख्यतः लाकडी होते. ते १७५५ मध्ये आगीत भस्मसात झाले. तिसऱ्याचे काम जॉन स्मीटन यांच्याकडे आले. ते मूळचे उपकरणे बनविणारे कारागीर; वडील वकील होते. स्वतःस ‘सिव्हिल इंजिनिअर’ म्हणवून घेणारे ते पहिले गृहस्थ समजले जातात. लष्करी बांधकामाहून नागरी बांधकाम हा वेगळा व्यवसाय आहे, ही जाणीव त्या शब्दात होती.

स्मीटन यांच्यापुढील पहिला प्रश्न चुन्याचा होता. नगर जिल्ह्यातील जुन्या वाड्यांचे, वेशींचे व बारवांचे बांधकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना चुन्याची घाणी परिचित असेल. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. पाण्याखाली हवा नसते, म्हणून तेथे तो कठीण न होता धुऊन जातो. स्मीटन यांनी निरनिराळ्या ठिकाणचे चुनखडक आणून ते आम्लात विरघळवून पाहिले. ज्या खडकाचा गाळ तळाशी चिकणमातीसारखा उरतो, त्याचा चुना पाण्यातही घट्ट होतो, असे त्यांना आढळून आले. त्यापूर्वी कारागिरांची समजूत होती की जितका शुद्ध व पांढरा चुनखडक तितका चुना उत्तम. स्मीटन यांच्या प्रयोगाने हे उलटे ठरविले. पाण्यातील कामास मातीचा अंश असलेला ‘अशुद्ध’ खडकच हवा. त्यात इटलीतील ज्वालामुखीची राख मिसळून त्यांनी आपला गारा तयार केला. आपल्याकडे त्या राखेचे काम विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, करीत आली आहे. आपल्या काळ्या जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतही मातीचा अंश असतो व तिच्यापासून केलेला चुना बऱ्याच अंशी याच जातीचा असतो. शाळेतील प्रयोगशाळेत चुनखडीचे चार खडे सौम्य आम्लात टाकून उरलेला गाळ विद्यार्थ्यांना दाखविणे अवघड नाही. विज्ञानाच्या तासास याहून स्वस्त प्रयोग क्वचितच मिळेल.

दुसरा प्रश्न दगड जागच्या जागी धरून ठेवण्याचा. लाटेचा मार हा वरून पडणाऱ्या ओझ्यासारखा नसतो. ती ढकलते, आणि परत जाताना ओढते. स्मीटन यांनी प्रत्येक दगड असा घडविला की त्याची जीभ शेजारच्या दगडाच्या खाचेत बसावी आणि मनोरा वर गेल्यावर एकही दगड एकट्याने निघू नये. दगडांचा प्रत्येक थर आधी किनाऱ्यावर रचून, तपासून, मगच होडीने खडकावर नेला जात असे. मनोऱ्याचा आकार त्यांनी वृक्षाच्या बुंध्यासारखा, खाली रुंद व वर निमुळता ठेवला. १७५९ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे चोवीस मेणबत्त्या पेटल्या. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी असे दिसून आले की मनोरा शाबूत आहे, पण त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला गेला आहे. १८८२ मध्ये शेजारच्या खडकावर नवीन दीपगृह झाले आणि स्मीटन यांच्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथ शहरात पुन्हा उभारण्यात आला.

तिसरा प्रश्न वेळेचा. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर अंतरावरील बेल रॉक या खडकावर काम केले. तो खडक भरतीत पूर्णपणे बुडतो आणि ओहोटीत जेमतेम दोन तास कामास मोकळा मिळतो. २ सप्टेंबर १८०७ रोजी खडकावर बत्तीस माणसे काम करीत असताना त्यांचे जहाज नांगर सुटून वाहत गेले. मागे राहिल्या दोन लहान होड्या. सर्वांना त्यांत घेणे शक्य नव्हते आणि पाणी चढत होते. कारागीर हातातील काम थांबवून एकेक करून होड्यांभोवती जमू लागले. कोणी काही बोलत नव्हते. स्टीव्हन्सन यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, तर तोंडास इतकी कोरड पडली होती की शब्द फुटेना. ओंजळभर पाणी तोंडात घेण्यासाठी ते खडकातील खाऱ्या डबक्याकडे वळले, तोच कोणीतरी होडी दिसल्याचे ओरडले. टपाल घेऊन आलेली वाटाड्याची होडी योगायोगाने तेथे पोहोचली होती. त्यानंतर स्टीव्हन्सन यांनी खडकावरच उंच लाकडी खांबांवर मजुरांसाठी निवारा उभारला आणि १८११ च्या फेब्रुवारीत बेल रॉकचा दिवा लागला. त्यांचे तीन पुत्र दीपगृहांचेच अभियंते झाले. नातू मात्र लेखनाकडे वळला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ते हेच.

तिथी आणि ओहोटी

मुंबईच्या खडपावर हा वेळेचा प्रश्न कसा उभा राहतो, हे पंचांग जाणणाऱ्या आपल्या वाचकांस सहज समजेल. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील कोळी बांधवांचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ सुमाराने निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या सुमारास भरती, तर ओहोटी सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास.

आता यातील मेख पाहा. समुद्र सर्वांत मागे हटतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास. तेव्हा मुंबईस भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास, प्रसंगी त्याहून अधिक, अंतर पडते. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत हे अंतर दीड मीटरच्या घरात येते. म्हणजे ज्या दिवशी भर दुपारी, लख्ख उजेडात ओहोटी मिळते, त्या दिवशी खडप पुरता उघडा पडत नाही. आणि ज्या दिवशी तो पुरता उघडा पडतो, त्या दिवशी उजेड नुकताच फुटत असतो किंवा संपत आलेला असतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने अरबी समुद्रात अशा कामास निरुपयोगी. उरलेल्या आठ महिन्यांतून पंधरवड्यातील मोजके दिवस आणि त्या दिवसांतील मोजके तास, एवढीच पाया घालण्याची मुदत. अंदाजपत्रकात रुपयांचा आकडा मांडता येतो. अभियंत्यास येथे अंदाजपत्रक तासांचे करावे लागते.

ऑर्मिस्टन व त्यांचे काम

थॉमस ऑर्मिस्टन यांचा जन्म १८२६ मध्ये एडिंबरो येथे झाला. म्हणजे बेल रॉकच्या दिव्याने ज्या देशात पंधरा वर्षे आधी नाव मिळविले होते, त्याच देशात ते वाढले. मुंबईत ते बंदर व भराव यांच्या कामांवर अभियंता म्हणून आले. त्या काळी समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शहरात पेव फुटले होते. त्यांपैकी एल्फिन्स्टन कंपनीच्या कामाशी ऑर्मिस्टन यांचा संबंध होता. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि अशा अनेक कंपन्या बुडाल्या. एल्फिन्स्टन कंपनीची मिळकत पुढे सरकारने घेतली. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली व बंदराची व्यवस्था सार्वजनिक संस्थेकडे आली. ऑर्मिस्टन त्या संस्थेचे अभियंता झाले.

प्राँग्ज दीपगृह १८७५ मध्ये पूर्ण झाले. गोल मनोरा, उंची ४१ मीटर, प्रकाशाचा टप्पा सुमारे ३० किलोमीटर, एकूण खर्च ६,२०,२५५ रुपये. हा खर्च शेवटच्या रुपयापर्यंत नोंदलेला आहे. ज्या पाथरवटांनी ते दगड घडविले आणि ज्या बिगाऱ्यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून ते बसविले, त्यांची नावे मात्र अशा हिशोबात येत नसतात. आजही गावाच्या बंधाऱ्यावरील कोनशिलेत उद्घाटकाचे नाव असते, गवंड्याचे नसते.

४१ मीटर उंचीचा आणि ३० किलोमीटर टप्प्याचा संबंध काय, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी काही अंतरानंतर तो क्षितिजाखाली जातो. दिव्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.८६ ने गुणावे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ४१ चे वर्गमूळ सुमारे ६.४, त्यावरून २४.७ किलोमीटर. होडीतील माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर उंचीवर धरला तर त्याच्या वाट्याचे आणखी ५.५ किलोमीटर मिळतात. बेरीज झाली ३० किलोमीटरहून थोडी जास्त. आगबोटीच्या उंच पुलावरील अधिकाऱ्यास तोच दिवा आणखी दुरून दिसेल. उंची दुप्पट केली तर अंतर दुप्पट होईल काय? होत नाही. आपल्या भंडारदरा धरणाची भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे, म्हणजे प्राँग्जच्या दुप्पट. तेवढ्या उंचीवर दिवा ठेवला तरी त्याचे क्षितिज ३५ किलोमीटरच भरेल. अभियंत्याने मनोरा कोठे थांबवावा, याचे उत्तर या वर्गमुळात दडलेले आहे. दिवसा हाच मनोरा खूण म्हणून उपयोगी पडतो. नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावरील सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर, जिला लोक चांदबिबी महाल म्हणतात, पाथर्डीकडून येणाऱ्यास दुरूनच शहर जवळ आल्याचे सांगते. समुद्रावर दीपगृहाचा मनोरा दिवसा तेच काम करतो.

दिव्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ज्योत आपला प्रकाश सर्व दिशांना वाया घालविते. आकाशाकडे व पायथ्याकडे गेलेला उजेड नावाड्याच्या काय कामाचा? तो सारा गोळा करून क्षितिजाकडे वळविण्याची युक्ती ऑगस्तीन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने शोधली. फ्रेनेल हे सरकारी रस्ते व पूल खात्यातील नोकर होते. आडगावी नेमणूक, खडीची मोजणी, मजुरांचे हिशोब असे त्यांचे दिवस जात आणि उरलेल्या वेळात ते प्रकाशाचा अभ्यास करीत. १८१५ मध्ये नेपोलियनला विरोध केल्यामुळे त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. त्या सक्तीच्या रजेत आईच्या गावी बसून त्यांनी केलेल्या प्रयोगांनी प्रकाशाच्या लहरी स्वरूपाचा सिद्धांत पुढे नेला. आपल्याकडील कोणा कनिष्ठ अभियंत्यास हे वाचून दिलासा वाटल्यास तो अस्थानी नव्हे. एकसंध जाड भिंगाऐवजी त्यांनी काचेची कडी एकाभोवती एक बसविली. प्रत्येक कडे आपल्या वाट्याचा प्रकाश वाकवून एकाच दिशेस पाठविते. त्यामुळे भिंग मोठे होऊनही हलके राहिले. १८२३ मध्ये फ्रान्समधील कॉर्दुआं येथे असे भिंग प्रथम बसले. फ्रेनेल १८२७ मध्ये क्षयाने वारले. त्यांचे वय ३९ होते. पुढील शतकभर जगातील बहुतेक मोठ्या दीपगृहांत त्यांच्याच पद्धतीची भिंगे बसविली गेली.

प्राँग्जनंतर ऑर्मिस्टन यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम म्हणजे मुंबईची प्रिन्सेस डॉक ही गोदी. तिची कोनशिला १८७५ मध्ये बसविली गेली व १८८० मध्ये ती खुली झाली. तिच्या खोदकामात चिखलाखाली एक बुडालेले जंगल सापडले. साडेतीनशेहून अधिक झाडांचे बुंधे, त्यांतील अनेक जेथे वाढले तेथेच मुळांवर उभे. त्यांत खैराची झाडे होती, आणि खैर समुद्राच्या पाण्यात उगवत नाही. अर्थात ही जमीन कधीकाळी समुद्रसपाटीच्या वर होती व पुढे खचली, असा निष्कर्ष निघाला. या शोधाची नोंद थॉमस यांचे बंधू जॉर्ज ऑर्मिस्टन यांनी भूगर्भशास्त्रज्ञांपुढे ठेवली. गोदी खोदणाऱ्या माणसाने कुदळीखाली आलेल्या लाकडाचे महत्त्व ओळखून ते मोजून लिहून ठेवावे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास गोदीइतकीच मोलाची वाटते. आपल्या जिल्ह्यात विहिरी व तळी खोदताना निघणाऱ्या जुन्या विटा, खापरे, हाडे यांची अशी नोंद किती ठिकाणी होते, याचा विचार ग्रामपंचायतींनी अवश्य करावा.

थॉमस ऑर्मिस्टन १८८२ मध्ये निधन पावले. कुलाब्यातील एका रस्त्यास त्यांचे नाव होते. तो आता बेस्ट मार्ग म्हणून ओळखला जातो.

दिवा लावणारे हात

दीपगृह बांधून झाले की अभियंता निघून जातो आणि दीपरक्षक येतो. पूर्वी तेलाच्या वाती कापणे, काजळी पुसणे, भिंग स्वच्छ ठेवणे आणि भिंग फिरविणाऱ्या यंत्राचे वजन ठरल्या वेळी वर ओढणे ही कामे रात्रभर चालत. रात्री एकदाही झोप लागून चालत नसे. प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठराविक अंतराने चमकतो आणि दोन शेजारी दीपगृहांची चमक सारखी नसते. नावाडी मनात आकडे मोजून हा दिवा कोणता ते ओळखतो. म्हणून यंत्र मंद पडले तर दिवा जळत असूनही तो खोटे सांगू लागतो. विझलेल्या दिव्यापेक्षा चुकीच्या लयीचा दिवा अधिक घातक. मोठ्या खर्चाचे बांधकाम मंजूर करणे सोपे असते. वात, तेल आणि पुसण्याचे फडके यांसाठी दरवर्षी तरतूद ठेवणे अवघड. पाझर तलावांचे सांडवे व हातपंपांचे वॉशर यांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

भारतातील दीपगृहांची व्यवस्था दीर्घकाळ निरनिराळी बंदरे व प्रांतिक सरकारे यांच्याकडे विखुरलेली होती. १९२७ च्या दीपगृह कायद्याने ती केंद्राच्या देखरेखीखाली एकत्र येऊ लागली. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यात दिव्यांबरोबर उपग्रह व रेडिओ यांवर चालणाऱ्या मार्गदर्शक साधनांचाही समावेश आहे. तेलाच्या वातीची जागा विजेने घेतली, अनेक ठिकाणी सौरशक्तीवरील दिवे आले आणि जहाजावरील अधिकारी आता आपले ठिकाण पडद्यावर पाहतो. मग दीपगृहाची गरज उरली आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. पडद्यावरील बिंदू खरा की खोटा, हे पडताळण्यास डोळ्यांना दिसणारी एक स्थिर वस्तू लागते, असे नौकानयनाच्या शिक्षणात आजही शिकविले जाते. लहान मचव्यांतून मासेमारीस जाणाऱ्यांचे यंत्र बंद पडले तर घरची दिशा दाखविण्यास हाच दिवा असतो.

प्राँग्जचा मनोरा ऑर्मिस्टन यांच्या काळापासून जागच्या जागी आहे. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या टोकापासून खडपावरून चालत त्याच्या पायथ्यापर्यंत जाता येते. तो परिसर नौदलाचा असल्याने परवानगी घ्यावी लागते. आणि जाणाऱ्याने तिथी पाहून निघावे लागते व भरती लागण्यापूर्वी परतावे लागते.